मॅसॅच्युसेट्सच्या पहिल्या पिढ्यांपर्यंत वंशावळ नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेक अमेरिकेत, जावई मॅसॅच्युसेट्सचा. त्याच्या आजोबांच्या वहीत ‘आपला मूळपुरुष १६३५ साली जहाजानं आला’ अशी एक ओळ आहे. तुमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत घरात आहेच. नातीसाठी तिच्या वडिलांकडची बाजूही तशीच लिहून काढायची आहे. शोधायला बसल्यावर इंटरनेटवर थेट पंधराव्या शतकापर्यंत पोचणारी वंशावळ आयती मिळाली. ती खरी धरायची का? आणि धरायची नसेल, तर १७०० च्या मागे जायचं कसं?

आधी त्या आयत्या वंशावळीबद्दल. तिथे एकानं लिहिलेलं दुसरा उचलतो, दुसऱ्याचं तिसरा. पाच ठिकाणी एकच गोष्ट दिसली की ती सिद्ध झाली असं वाटायला लागतं. बऱ्याचदा त्या पाचांच्या मागे एकच माणूस असतो आणि त्याच्याकडेही कागद नसतो. मी अशी वंशावळ छापून घेते आणि बाप-मुलाला जोडणाऱ्या प्रत्येक रेघेपाशी लिहिते: हा याचाच मुलगा, हे कुठल्या कागदात म्हटलंय? तुम्हीही तेच करा. जन्म, लग्न आणि मृत्यू या तिन्ही तारखा खऱ्या असूनही त्या तीन वेगळ्या माणसांच्या असू शकतात. सतराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमध्ये (म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासचा ईशान्य अमेरिकेचा भाग) जॉन, थॉमस, विल्यम, मेरी, सारा, एलिझाबेथ एवढ्याच नावांवर गावंच्या गावं चालत. त्यामुळे तारखांपेक्षा नात्याचा कागद मोलाचा. एकाच कागदात दोन पिढ्या एकत्र आल्या, की तो सांधा पक्का झाला.

१६३५ हे साल ऐकलं की मी जरा सावध होते, त्यालाही कारण आहे. १६२० ते १६४० या काळात सुमारे २० हजार माणसं इंग्लंडमधून न्यू इंग्लंडला आली, पण बहुतेक जहाजांच्या उतारूंच्या याद्या आज नाहीत. लंडन बंदरातून १६३५ मध्ये निघालेल्यांच्या याद्या मात्र बऱ्याच शिल्लक आहेत. त्यामुळे आडनाव जुळणारा कुणीही त्या यादीत दिसला, की लोकांनी त्याला मूळपुरुष करून टाकलं. तुमच्या वहीतली ओळ खोटी आहे असं मी म्हणत नाही. तपासताना ती शेवटी घ्या, एवढंच.

एका बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिअलॉजिकल सोसायटीनं (ही संस्था १८४५ पासून आहे) १९८८ मध्ये एक मोठं काम हाती घेतलं. रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी सुरुवातीच्या वसाहतकरी कुटुंबांची एकेक करून मूळ कागदांवरून नोंद केली: कुठून आले, कुठे राहिले, जमीन किती, मुलं कोण, आधीच्या अभ्यासकांनी काय चुकीचं लिहिलं. १६२० ते १६३५ मध्ये आलेल्यांचे खंड पूर्ण झाले आहेत. म्हणजे वहीतलं साल बरोबर असेल, तर मूळपुरुष त्यात सापडायला हवा. तिथे त्याच्या मुलांची यादी असेल आणि तुमच्या आयत्या वंशावळीतला मुलगा त्या यादीत नसेल, तर थांबा. तो मुलगा कुणीतरी नंतर चिकटवलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे.

पण शोध तिथून सुरू करायचा नाही. तो जावयापासून मागे न्यायचा, एकेक पिढी. अनुभवानं सांगते, बहुतेक वंशावळी १६३५ पाशी मोडत नाहीत, १७८० ते १८५० या पट्ट्यात मोडतात. अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या सगळ्यांची नावं १८५० पासून येतात आणि कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं १८८० पासून. पहिल्या, १७९० च्या जनगणनेपासून १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांची डोकी. नेमक्या याच काळात, स्वातंत्र्ययुद्धानंतर, न्यू इंग्लंडची तरुण मंडळी जमिनीच्या शोधात व्हरमाँट, न्यूयॉर्क, ओहायोकडे निघाली. न्यूयॉर्क राज्यात जन्म-मृत्यूची राज्यव्यापी नोंद १८८० च्या सुमाराला सुरू झाली. मॅसॅच्युसेट्समधून गेलेला एखादा सॅम्युएल न्यूयॉर्कमध्ये दिसतो. मागे त्याच नावाचे तीन सॅम्युएल जन्मलेले असतात आणि लोक त्यातला सोयीचा निवडतात. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं काम दुसऱ्याच घराण्याचं होईल. उरलेल्या दोन सॅम्युएलांचं काय झालं तेही शोधा. एक लहानपणी वारला, दुसरा गावातच म्हातारा झाला, असं कागदानं दाखवलंत, तर तिसऱ्याचा दावा उभा राहतो.

मॅसॅच्युसेट्सच्या आत शिरलात की कागद भरपूर आहेत. तिथल्या सर्वोच्च सभेनं १६३९ मध्येच जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवायचा हुकूम काढला. गावचा क्लार्क ते लिहायचा; सगळे लिहीत होते असं नाही, आणि मूळ रहिवासी व वसाहतकरी यांच्यातल्या किंग फिलिपच्या युद्धात (१६७५-७६) कितीतरी गावं जळाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावोगावच्या १८५० पर्यंतच्या नोंदी सरकारी मदतीनं पुस्तकरूपात छापल्या गेल्या. ही पुस्तकं सोयीची आहेत, पण त्यात सगळी नावं अकारविल्हे लावली आहेत. मूळ वहीत एका बापाची सगळी मुलं एकाखाली एक लिहिलेली असतात आणि छापील पुस्तकात ती विखुरतात. म्हणून छापील पुस्तकावरून मूळ पानापर्यंत जा. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर अशा अनेक वह्यांची छायाचित्रं फुकट पाहता येतात.

चर्चच्या वहीत लग्न सापडलं नाही म्हणून हिरमुसू नका. तिथले वसाहतकरी बहुतेक प्युरिटन, म्हणजे चर्चमधले जुने विधी नाकारणारे इंग्रज प्रॉटेस्टंट. त्यांच्या दृष्टीनं लग्न हा दिवाणी करार होता. १६८६ पर्यंत तिथे लग्न पाद्री लावत नसे, न्यायाधीश लावत असे. बाप्तिस्माही सगळ्यांचा होत नसे, आई-बापांपैकी कुणीतरी चर्चचं सभासद असावं लागे. मूल वहीत नाही, याचा अर्थ ते नव्हतंच असा होत नाही. अजून एक बघा: बाळ गेलं की पुढच्या बाळाला तेच नाव ठेवायची पद्धत होती. पहिल्या मेरीची जन्मतारीख आणि दुसऱ्या मेरीचं लग्न एकत्र जोडलेलं मी वारंवार पाहते.

खरा खजिना आहे मृत्युपत्रांत आणि जमिनीच्या दस्तांत. माणूस वारला की काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) प्रोबेट कोर्टात, म्हणजे वारसाची कामं पाहणाऱ्या कोर्टात, त्याचं एक बाड तयार होई. त्यात मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, जामीनपत्र, अज्ञान मुलांच्या पालकाची नेमणूक, वाटणीचा हुकूम, पैसे मिळाल्याच्या पावत्या. लोक मृत्युपत्र वाचून थांबतात आणि बाकीचे कागद उघडतही नाहीत. मुलींच्या नवऱ्यांची नावं पुष्कळदा वाटणीत आणि पावत्यांत मिळतात. मृत्युपत्र न करता माणूस गेला असेल तर आपल्यासाठी ते उलट बरं, कारण मग कोर्टाला सगळ्याच वारसांची नावं लिहावी लागतात. मॅसॅच्युसेट्समध्ये अशा वाटणीत थोरल्या मुलग्याला दुप्पट हिस्सा मिळे. ज्याला दोन हिस्से लिहिलेत तो मुलग्यांत थोरला. चौदा वर्षांवरचं मूल आपला पालक स्वतः निवडू शकत असे, म्हणजे निवडीचा कागद मिळाला की वयाचा अंदाज आला. पालक नेमला म्हणून आईही गेली असं समजू नका; बाप गेला की आई जिवंत असतानाही पालक नेमत.

मृत्युपत्रात एखाद्या मुलाचं नाव नसेल किंवा त्याला पाच शिलिंगच ठेवले असतील, तर तो बापाच्या मनातून उतरला असं लगेच ठरवू नका. बहुतेक वेळा त्याला त्याची जमीन आधीच दस्त करून दिलेली असते. म्हणून दस्त वाचायचे. त्यातही जमीन घेतल्याचे नंतर, विकल्याचे आधी. बाप वारल्यावर तीस-तीस वर्षांनी पाच भावंडं आणि त्यांचे नवरे-बायका मिळून ‘आमच्या वडिलांची अमुक शेताची वाटणी’ असं लिहून हक्क सोडतात, आणि एका पानावर अख्खं कुटुंब उभं राहतं. नवऱ्यानं जमीन विकताना बायको आपला हक्क सोडल्याचं लिहून देते. अशा दस्तांत १६८० ला हॅना आणि १६८८ ला रिबेका दिसली, तर मधल्या काळात काय झालं ते उमजतं. पूर्वी यासाठी सूची चाळत महिने जात. २०२४ पासून फॅमिलीसर्चवर जमिनीच्या आणि वारसाच्या हस्तलिखित कागदांत शब्दानं शोध घेता येतो. यंत्रानं केलेलं वाचन जुन्या अक्षरांत अडखळतं, म्हणून आडनाव चार वेगळ्या स्पेलिंगनं टाका. आणि काउंटीच्या सीमा कधी बदलल्या ते तपासून मगच शोधा. गाव जागचं हलत नाही, पण त्याचे कागद आधीच्या काउंटीच्या कचेरीत राहिलेले असतात.

तारखांचा घोळ उदाहरणानंच समजतो. मेफ्लॉवर जहाजातून १६२० मध्ये आलेला जॉन हौलंड आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ वसाहतीत वारला, त्याची नोंद २३ फेब्रुवारी १६७२ अशी आहे. त्याचं मृत्युपत्र २९ मे १६७२ चं. म्हणजे माणूस वारल्यावर तीन महिन्यांनी मृत्युपत्र केलं? तसं नाही. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. फेब्रुवारी हा वर्षाचा शेवटचा महिना होता, तेव्हा मे आधी आला आणि फेब्रुवारी नंतर. आपल्या हिशेबानं तो १६७३ मध्ये वारला. अशी तारीख तुम्ही ‘१६७२/३’ अशीच लिहा, स्वतःहून सुधारू नका. प्युरिटन आणि क्वेकर (आणखी एक ख्रिस्ती पंथ) मंडळी महिन्यांना नावाऐवजी आकडे देत. ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च आणि ‘बारावा’ म्हणजे फेब्रुवारी. हे विसरलं की बहीण-भावांत चार महिन्यांचं अंतर दिसायला लागतं.

नात्यांचे शब्दही आजच्या अर्थानं घेऊ नका. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे बाप-लेकच असं नसे; गावात एकाच नावाचे दोघे असले की मोठा सीनियर, धाकटा ज्युनियर, मग ते काका-पुतणे असोत की परके. मोठा वारला की धाकटा सीनियर होई. ‘कझिन’ लिहिलेला बऱ्याचदा पुतण्या किंवा भाचा निघतो. ‘सन-इन-लॉ’ हा जावई असू शकतो आणि सावत्र मुलगाही. आणि मृत्युपत्रात ‘माझी आताची बायको’ असं आलं म्हणून आधीची एक होतीच असं ठरत नाही, ती कायद्याची भाषा होती.

आता बायकांकडे येते. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. लग्नानंतर तिचं माहेरचं आडनाव कागदांतून नाहीसं होतं. वंशावळीत ती नुसती ‘एलिझाबेथ’ उरते, आणि रिकामी जागा लोकांना बघवत नाही. मग तिथे कुणीतरी एखादं आडनाव भरतं. मेफ्लॉवरवरच्या रिचर्ड वॉरनची बायको एलिझाबेथ हिचं असंच झालं होतं. १६२० मध्ये तो एकटा आला. ती पाच मुलींना घेऊन १६२३ मध्ये ॲन जहाजानं आली. १६२८ मध्ये तो वारला आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षं ही बाई प्लिमथच्या कागदांत स्वतःच्या नावानं जमीन धरून, कर भरून दिसते. १६७३ मध्ये नव्वदी ओलांडून ती गेली. या पाच मुली आणि नंतर झालेले दोन मुलगे, सातही मुलं मोठी झाली, सगळ्यांची लग्नं झाली, तिच्या वंशजांची गणती नाही, आणि तरी तिच्या माहेराच्या नावाखाली वंशावळींत निराधार आडनावं फिरत होती.

एडवर्ड डेव्हिस यांनी २००३ मध्ये एका संशोधन नियतकालिकात तो गुंता सोडवला. हर्टफर्डशरमधल्या ग्रेट ॲमवेल गावी १६१० मध्ये रिचर्ड वॉरन आणि एलिझाबेथ वॉकर यांचं लग्न झाल्याची नोंद आहे. नुसतं एवढंच असतं तर मी मानलं नसतं. रिचर्ड वॉरन पुष्कळ असतील. पण त्याच गावच्या ऑगस्टीन वॉकरच्या १६१३ च्या मृत्युपत्रात मुलगी एलिझाबेथ वॉरन आणि तिच्या तीन मुली मेरी, ॲन, सारा यांची नावं आहेत. प्लिमथला आलेल्या पाच बहिणींपैकी थोरल्या तिघींची नावं हीच, आणि याच क्रमानं. समुद्र ओलांडून इंग्लंडात शिरायला एवढा पुरावा लागतो. नावांचा सबंध जुडगा जुळायला हवा, किंवा तिकडच्या मृत्युपत्रात ‘न्यू इंग्लंडमध्ये असलेला माझा मुलगा’ असं काही यायला हवं. एकटं आडनाव आणि अंदाजे वय यावर ती उडी मारू नका. आडनाव सारखं म्हणून कुणाचं तरी कुलचिन्हही भिंतीवर लावू नका.

हौलंडच्या बायकोची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे घराण्यातली आख्यायिका ठाम होती: ती प्लिमथचा पहिला गव्हर्नर कार्व्हर याची नात. स्मारकाच्या दगडावरही तसंच कोरलं गेलं. त्याच्यानंतरचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याचं प्लिमथच्या इतिहासाचं हरवलेलं हस्तलिखित लंडनमध्ये सापडून १८५६ मध्ये छापलं गेलं, तेव्हा त्यात स्पष्ट निघालं की हौलंडची बायको ही जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ. तिचा १६०७ चा बाप्तिस्मा पुढे बेडफर्डशरच्या हेन्लो गावी सापडला. आई-बाप दोघंही पहिल्या हिवाळ्यात गेले तेव्हा ही मुलगी तेरा वर्षांची होती. गव्हर्नरच्या नातीपेक्षा ही खरी मुलगी मला कितीतरी जवळची वाटते.

न्यू इंग्लंडमधल्या १७०० पूर्वीच्या लग्नांसाठी क्लॅरेन्स टॉरी यांची सुमारे ३७ हजार जोडप्यांची सूची पहिल्या दिवशीच बघा. पण ती सूची आहे, पुरावा नाही. ती ज्या कागदाकडे बोट दाखवते तो कागद उघडायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या घराण्यांच्या देखण्या पुस्तकांबाबत तर दुप्पट सावध राहा. गुस्ताव्ह आंजू नावाचा माणूस (१८६३-१९४२) श्रीमंत अमेरिकनांना बनावट वंशावळी करून विकत असे. खऱ्या नोंदींमध्ये तो खोटी मृत्युपत्रं बेमालूम मिसळायचा, आणि त्याच्या वंशावळी अजूनही नकलून घेतल्या जातात. याउलट डोनाल्ड लाइन्स जेकबस यांनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या ‘द अमेरिकन जीनिअलॉजिस्ट’मधला लेख तुमच्या कुटुंबावर मिळाला, तर तो अक्षरन् अक्षर वाचा.

डीएनए चाचणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण जावई विचारेलच. दहा पिढ्या मागे प्रत्येकाचे १,०२४ पूर्वज असतात. त्यांतल्या एकाचा वाटा सरासरी एक दशांश टक्का, आणि पुष्कळांचा शून्य. शिवाय न्यू इंग्लंडमधली जुनी घराणी आपसांत इतकी सोयरीक करून होती, की नवव्या पिढीतलं ‘जुळणं’ कुठल्या वाटेनं आलं हे सांगता येत नाही. तिथे उपयोगी पडते ती वाय-गुणसूत्राची चाचणी; हे गुणसूत्र बापाकडून फक्त मुलग्याकडे जातं. ती नातीची करता येणार नाही, जावयाची करावी लागेल. मूळपुरुषाच्या दुसऱ्या मुलापासून फक्त पुरुषांच्या साखळीनं आलेला, कागदानं सिद्ध झालेला वंशज गाठून दोघांची तुलना करायची. जुळलं नाही, तर एका साखळीत कुठेतरी खोट आहे हे कळतं. जुळलं, तर दोघांचं मूळ एक, एवढंच कळतं. तो मूळपुरुष कोण, हे कागदच सांगतात.

एखादी शाखा डचांनी वसवलेल्या जुन्या न्यूयॉर्ककडे वळली तर घाबरू नका, तुम्हाला ती अमेरिकन माणसापेक्षा लवकर समजेल. यान पीटरसेन म्हणजे पीटरचा मुलगा यान. आपल्या मधल्या नावासारखंच, पिढीगणिक बदलणारं. तिथल्या चर्चच्या वह्यांत बायका माहेरच्याच नावानं येतात आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार बहुधा आजी-आजोबा किंवा मावश्या-काका असतात. व्हर्जिनियाची शाखा मात्र कष्टाची. अनेक काउंट्यांनी यादवी युद्धात सुरक्षित राहावेत म्हणून कागद रिचमंडला पाठवले आणि १८६५ च्या आगीत ते गेले. तिथे माणूस आणल्याबद्दल माणशी पन्नास एकर मिळत, त्या दाव्यांच्या याद्या आहेत. त्यावरून येण्याचं साल ठरवू नका, दावे वर्षानुवर्षं पडून राहत आणि विकलेही जात. जॉर्ज मेनेफी या जमीनदाराच्या १६३० च्या दशकातल्या अशाच यादीत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असं एक नाव आहे. आपल्या बाजूचा माणूस, इतक्या लवकर तिथे पोचलेला, आणि त्याच्या गावाचा, आई-बापांचा उल्लेख नाही.

मालमत्तेच्या याद्यांत गाई, पलंग, कढया यांच्या ओळीत कधी एखाद्या माणसाचं नुसतं पहिलं नाव आणि किंमत लिहिलेली दिसेल. न्यू इंग्लंडमध्येही गुलाम होते, आफ्रिकन आणि मूळ रहिवासी दोन्ही. ती ओळ गाळू नका. नाव, वय, किंमत, यादीची तारीख, कागदाचा क्रमांक जसाच्या तसा उतरवा आणि वंशावळीबरोबर ठेवा. त्यांचे वंशजही आज शोध घेत आहेत, आणि त्यांना मिळण्यासारखा कागद बहुधा मालकाच्या घराण्याच्या बाडातच असतो.

आता लगेच करायचं ते सांगते. आजोबांच्या वहीचं प्रत्येक पान, समासातल्या खुणा आणि मागच्या पानावरच्या हिशेबासकट, फोटो काढून ठेवा. घरात जुनं बायबल असेल तर जन्म-मृत्यूच्या पानांबरोबर त्याच्या छपाईच्या सालाचाही फोटो घ्या; बायबल १८२० चं आणि नोंदी १७६० पासूनच्या, तर त्या आठवणीनं नंतर लिहिलेल्या. मग जावयाच्या थेट शाखेतला १८५० च्या जनगणनेत दिसणारा माणूस शोधा. त्याचं नाव, गाव आणि काउंटी हाताशी आली, की त्याच्या बापाचं प्रोबेट बाड त्याच काउंटीत काढायचं. मृत्युपत्र वाचून झाल्यावर वाटणीचा कागद आणि पावत्या वाचल्याशिवाय पुढच्या पिढीकडे जाऊ नका.